‘उलट बोलते’ म्हणून शाळेबाहेर : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना जास्त शिक्षा का होते?

२००३ सालची गोष्ट. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात मस्कोगी नावाचं शहर आहे. तिथल्या एका सरकारी शाळेत सहावीत शिकणारी ११ वर्षांची मुलगी शाळा सुरू झाल्यापासून हिजाब घालून वर्गात बसत होती. कुणाची काही तक्रार नव्हती. मग ११ सप्टेंबर आला, न्यूयॉर्कच्या हल्ल्याला दोन वर्षं पूर्ण झाल्याचा दिवस. त्या दिवशी तिला सांगण्यात आलं की डोक्यावरचं हे कापड शाळेच्या नियमात बसत नाही. नियम टोप्या आणि डोक्याला बांधायच्या रुमालांसाठी होता. मुलीनं हिजाब काढला नाही, आणि ऑक्टोबरमध्ये तिला दोनदा निलंबित करण्यात आलं. घरचे कोर्टात गेले. मार्च २००४ मध्ये अमेरिकेचं न्याय खातंच मुलीच्या बाजूनं खटल्यात उतरलं. मे महिन्यात तडजोड झाली आणि धार्मिक कारणासाठी सूट द्यायचं शाळेच्या प्रशासनानं मान्य केलं.

ही गोष्ट आपण हिजाबची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो आणि ती तशी आहेही. पण त्या मुलीची आणखी एक ओळख होती, जी आपल्याकडे कुणी सांगत नाही. ती कृष्णवर्णीय होती. अमेरिकेतल्या शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलीला वर्गाबाहेर जायला हिजाब लागतोच असं नाही. मोठ्यानं बोलणं पुरतं, डोळे फिरवणं पुरतं, ‘का?’ असं विचारणंही पुरतं.

अमेरिकेतल्या मुस्लिमांपैकी सुमारे एक पंचमांश लोक कृष्णवर्णीय आहेत. म्हणजे हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आणि त्या मुली मुस्लिम नसत्या, तरी शाळेनं एखाद्या मुलीवर ‘उद्धट’ असा शिक्का मारला की तिच्या आयुष्याचं काय होतं, हे समजून घेणं प्रत्येक आईबापाच्या कामाचं आहे.

आकडे काय सांगतात

अमेरिकेचं शिक्षण खातं १९६८ पासून शाळांकडून एक माहिती गोळा करतं. कुठल्या वंशाच्या किती मुलामुलींना काय सोयी मिळाल्या आणि कुणाला किती शिक्षा झाल्या, याचा तो हिशोब असतो. २०११-१२ या शालेय वर्षाचे आकडे २०१४ मध्ये बाहेर आले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. त्या वर्षी कृष्णवर्णीय मुलांपैकी २० टक्के मुलं निलंबित होऊन घरी पाठवली गेली होती. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ६ टक्के होतं. कृष्णवर्णीय मुलींमध्ये १२ टक्के आणि गोऱ्या मुलींमध्ये फक्त २ टक्के.

हे चार आकडे शेजारी ठेवून नीट पाहा. मुलांमधला फरक साधारण तिपटीचा आहे, मुलींमधला सहापट. शिवाय कृष्णवर्णीय मुलींचं प्रमाण गोऱ्या मुलग्यांच्या दुप्पट आहे. ‘मुलं दांडगी असतात, मुली शांत असतात’ हा जगभरचा समज आहे. तोच खरा धरला तर हा आकडा समजावून सांगता येत नाही.

पुढच्या वर्षांतही चित्र फारसं बदललं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं एक मोठा अहवाल दिला. प्रतिनिधिगृहाच्या सदस्य आयाना प्रेस्ली, रोझा डेलॉरो आणि नॅन्सी पेलोसी यांनी तो मागवला होता. २०१७-१८ मध्ये सरकारी शाळांतल्या एकूण मुलींपैकी कृष्णवर्णीय मुली १५ टक्के होत्या. पण मुलींना झालेल्या, घरी पाठवण्याच्या निलंबनांपैकी ४५ टक्के त्यांच्या वाट्याला आली होती. शाळेतच वेगळं बसवण्याच्या शिक्षेत त्यांचा वाटा ३७ टक्के होता आणि शाळेतून काढून टाकण्यात ४३ टक्के. गैरवर्तन सारखंच असलं तरी कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा कडक शिक्षा झाल्याचं या कार्यालयाला दिसून आलं. मुलगी अपंग असेल तर ही तफावत आणखी वाढत होती.

आपल्याकडे शिक्षा म्हटलं की छडी, अंगठे धरून ओणवं उभं राहणं किंवा ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ हे आठवतं. तिकडे शिक्षेची उतरंड वेगळी आहे. आधी वर्गातून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात पाठवणी, मग शाळेतच वेगळ्या खोलीत बसवणं, मग काही दिवस घरी, आणि शेवटी दाखला हातात. या प्रत्येक पायरीवर मुलगी वर्गातल्या शिकवण्याला मुकते. आई कामावर असेल तर तिचा पगार कापला जातो, नाहीतर मुलगी दिवसभर घरी एकटी राहते. शिक्षेची नोंद मुलीच्या कागदपत्रांत राहते ती वेगळीच.

सगळा खेळ एका शब्दाचा

इतका फरक येतो कुठून? कुणी म्हणेल, या मुली जास्त गोंधळ घालत असतील. हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. शिक्षा कोणत्या कारणासाठी झाली ते पाहायचं.

शाळेतले गुन्हे दोन प्रकारचे असतात. एक डोळ्यांना दिसणारे. सिगारेट ओढली, खिडकी फोडली, न सांगता शाळेतून निघून गेली. हे घडलं की नाही यावर वाद होऊ शकत नाही. दुसरे गुन्हे समोरच्याच्या मनात ठरतात. उद्धटपणा, अनादर, जास्त आवाज, आज्ञा न मानणं. अभ्यासक रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की गोऱ्या विद्यार्थ्यांना जास्त करून पहिल्या प्रकारच्या कारणांसाठी कार्यालयात पाठवलं जातं आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दुसऱ्या प्रकारच्या. पुढे केंटकी राज्यातल्या शाळांचा अभ्यास झाला, त्यात कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींच्या तिप्पट प्रमाणात कार्यालयात पाठवल्याचं दिसलं. कारणं तीच: वर्गात व्यत्यय, कपड्यांचा नियम, सांगितलेलं न ऐकणं.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. ‘उद्धट’ हा शब्द मोजता येत नाही. एकाच वाक्याला एक शिक्षिका ‘चुणचुणीत आहे पोर’ म्हणेल आणि दुसरी ‘तोंडाळ आहे’ म्हणेल. कोणत्या मुलीसाठी कोणता शब्द वापरायचा, हे बोलणाऱ्या मुलीच्या हातात नसतं, ऐकणाऱ्याच्या हातात असतं. नियम जितका ढिला, तितकी त्यात पूर्वग्रहाला जागा जास्त.

टेक्सास राज्यातल्या जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांचा सलग अनेक वर्षांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावीत जवळपास ६० टक्के विद्यार्थ्यांना एकदा तरी निलंबन किंवा त्याहून मोठी शिक्षा झाली होती. पण कायद्यानं द्यावीच लागेल अशी शिक्षा त्यातल्या फक्त ३ टक्के प्रकरणांत होती. बाकी सगळ्या शिक्षा शाळेच्या मर्जीवरच्या. मर्जीवरच्या शिक्षेत सापडलेला विद्यार्थी पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारी यंत्रणेच्या दारात जाण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट होती. एखाद्या मुलीला ‘उद्धट’ म्हटलं, तर तो शब्द वर्गाच्या दारापाशी थांबत नाही. तो पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ मध्ये झालेला एक प्रयोग आपल्याला लगेच कळेल. शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन छोट्या खोड्यांची नोंद वाचायला दिली. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. काहींना गोऱ्या वाटणाऱ्या नावाची नोंद मिळाली, काहींना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या. पहिल्या खोडीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या खोडीनंतर मात्र कृष्णवर्णीय नावाच्या विद्यार्थ्याला जास्त कडक शिक्षा द्यावी असं शिक्षकांना वाटलं आणि तो ‘त्रासदायक’ ठरला. नावावरून माणसाबद्दल मत बनवणं म्हणजे काय, हे भाड्याचं घर शोधताना ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

लहानपण कुणाला मिळतं?

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्रानं २०१७ मध्ये ३२५ प्रौढांना प्रश्न विचारले. ५ ते १४ वर्षांच्या मुलींबद्दल तुम्हाला काय वाटतं? उत्तरं अशी आली की त्याच वयाच्या गोऱ्या मुलींच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुली लोकांना कमी निरागस आणि जास्त मोठ्या वाटत होत्या. त्यांना कमी सांभाळावं लागतं, कमी धीर द्यावा लागतो, त्यांना मोठ्यांच्या गोष्टी आधीच कळतात, असं लोक मानत होते. ५ वर्षांच्या पोरीबद्दल!

मुलगी मोठी आहे असं एकदा मनात बसलं की तिची चूक ही लहान मुलाची चूक राहत नाही. गोरी मुलगी रडली तर ‘काय झालं बाळा?’ आणि कृष्णवर्णीय मुलगी रडली तर ‘नाटक बंद कर’. तिचा राग हा राग न राहता धमकी ठरतो. वर्गात तिची छेड काढणारा बाजूला राहतो आणि उलट उत्तर देणारी ती निलंबित होते. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या शाळांवर अहवाल लिहिला, त्यात या मुलींवर पहारा जास्त आणि संरक्षण कमी, असं मांडलं आहे. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय मुलींना शिक्षा होण्याचं प्रमाण गोऱ्या मुलींच्या दहापट होतं, बॉस्टनमध्ये अकरापट.

याच क्रेनशॉ बाईंनी १९८९ मध्ये एक विचार मांडला होता. माणूस एकाच वेळी दोन ओळखींच्या चौकात उभा असतो आणि धडक दोन्ही बाजूंनी बसते. कृष्णवर्णीयांचा प्रश्न म्हटला की मुलांची चर्चा होते, स्त्रियांचा प्रश्न म्हटला की गोऱ्या स्त्रियांची. मधल्या मुली कुणालाच दिसत नाहीत. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी वंचित मुलांसाठी मोठा उपक्रम सुरू केला, तो फक्त मुलग्यांसाठी होता. तेव्हा हजाराहून अधिक स्त्रियांनी पत्र लिहून विचारलं होतं, आमच्या मुलींचं काय? मुस्लिम समाजात ‘समाजाचे प्रश्न’ आणि ‘बायकांचे प्रश्न’ अशा दोन वेगळ्या बैठका होतात आणि मुलींच्या शिक्षणाचा विषय दोन्हीकडे शेवटी येतो. त्यामुळे हे दुखणं आपल्याला ओळखीचं आहे.

आणखी एक अभ्यास वाचून आम्ही अस्वस्थ झालो. २०१३ मध्ये अभ्यासकांनी कृष्णवर्णीय मुलींमध्येच आपापसात तुलना केली. सर्वांत गडद रंगाच्या मुलींना निलंबन होण्याची शक्यता सर्वांत उजळ रंगाच्या मुलींच्या सुमारे तिप्पट निघाली. म्हणजे वंशही एक झाला, आता रंगाची छटा. यावर अमेरिकेला नावं ठेवण्याआधी आपण आपल्या घरात डोकावलेलं बरं. मिंबरवरून हजरत बिलाल यांची गोष्ट ऐकून आपले डोळे ओले होतात, आणि त्याच संध्याकाळी रिश्त्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, ‘मुलगी रंगानं कशी आहे?’

केस, कपडे आणि फूटपट्टी

शिस्तीच्या नावाखाली सर्वांत जास्त नजर मुलींच्या अंगावर असते. अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयानं २०२२ मध्ये शाळांच्या पोशाख-नियमांचा अभ्यास केला. सुमारे ९३ टक्के शालेय जिल्ह्यांत असे नियम आहेत. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक नियमांत मुलींच्या कपड्यांवर बंदी आहे, मुलग्यांच्या कपड्यांवर ६९ टक्क्यांत. जवळपास ६० टक्के नियमांत मोजमाप आहे. स्कर्ट किती बोटं वर, पट्टा किती इंच रुंद. म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसानं मुलीच्या अंगाजवळ जाऊन मोजायचं. ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी डोकं झाकायला मनाई आहे आणि धार्मिक सूट स्पष्ट लिहिलेली ठिकाणं त्यातली सुमारे एक तृतीयांशच आहेत. मस्कोगीच्या मुलीचं प्रकरण २००४ मध्ये मिटलं, पण तो नियम देशभर जिवंत आहे.

केसांची गोष्टही अशीच. कृष्णवर्णीय मुलींचे केस दाट कुरळे असतात. ते सांभाळायला बारीक वेण्या घालणं ही त्यांच्या आज्या-पणज्यांची रीत आहे. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शाळेनं जुळ्या बहिणींना अशा वेण्यांसाठी शिक्षा केली. वेण्यांत कृत्रिम केस गुंफणं नियमाविरुद्ध, असं शाळेचं म्हणणं होतं. राज्याच्या महाधिवक्त्यांनी हस्तक्षेप केला, नियम मागे घ्यावा लागला, आणि २०२२ मध्ये त्या राज्यानं केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदाच केला. असा पहिला कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केला होता. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे. देशपातळीवर मात्र मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही तो पुढे सरकला नाही.

दोन मुली, दोघींचं वय ६

नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची ६ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता. तिला आत नेण्यासाठी केंद्र सरकारचे अधिकारी चारी बाजूंनी चालत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडाच्या ऑर्लँडो शहरात दुसरी एक ६ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शाळेत चिडली, तिनं लाथा मारल्या. पोलीस आले. तिच्या हातांना प्लास्टिकचा पट्टा आवळून तिला गाडीत बसवलं. ती रडत मदत मागत होती. पहिल्या मुलीला सरकारी माणसांनी शाळेत पोहोचवलं होतं, दुसरीला शाळेतून उचलून नेलं.

मधल्या साठ वर्षांत काय झालं? १९५४ च्या ऐतिहासिक निकालानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. पण एकत्रीकरण करताना बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुली नव्या वर्गात आल्या, पण त्यांना ओळखणारी बाई वर्गात राहिली नाही. आज अमेरिकेच्या सरकारी शाळांतले सुमारे ८० टक्के शिक्षक गोरे आहेत. १९९४ मध्ये शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर बाहेर काढण्याचा कायदा झाला. हेतू चांगला होता. पण ‘अजिबात खपवून घेणार नाही’ हे धोरण बंदुकीवरून हळूहळू बोलण्या-चालण्यापर्यंत उतरलं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर शाळाशाळांत पोलीस नेमले गेले. आणि पोलीस दारातच उभा असला की वर्गातलं भांडणही त्याच्याकडे जातं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एका शाळेत हेच झालं. मोबाइल बाजूला ठेवायला नकार देणाऱ्या मुलीला शाळेच्या पोलिसानं बाकासकट उलटं पाडून फरफटत नेलं. हे पाहून ओरडणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीलाही अटक झाली. आरोप काय, तर ‘शाळेत व्यत्यय आणला’. तो पोलीस नोकरीवरून गेला, पण त्याच्यावर खटला भरला नाही. मुलींनी मात्र हार मानली नाही. राज्याला २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला आणि २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं सांगितलं की जुना कायदा इतका मोघम होता की तो घटनेत बसत नाही. शब्द मोघम असला की अन्याय होतो, हे न्यायालयानंही मान्य केलं. ऑर्लँडोच्या प्रकरणानंतर फ्लोरिडानं २०२१ मध्ये ७ वर्षांखालच्या मुलांना अटक करण्यावर जवळपास बंदी घातली. सातव्या वर्षी काय होणार, हा प्रश्न उरतोच.

शिक्षकांचं म्हणणंही ऐकायला हवं

या विषयाला दुसरी बाजू आहे. वर्गात तीस पोरं, एक शिक्षिका, आणि एक मूल रोज तास उधळून लावतं. बाकीच्या २९ मुलांच्या शिकण्याचा हक्क कुठे जातो? निलंबन कमी करायच्या नादात वर्ग हाताबाहेर गेले, अशी तक्रार अनेक अमेरिकी शिक्षकांची आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही. फक्त आकड्यांत फरक दिसला म्हणजे भेदभाव सिद्ध झाला असं नाही, गरिबी आणि घरची परिस्थितीही वागण्यात उतरते, असंही काही अभ्यासक म्हणतात.

हे सगळं मान्य केलं तरी दोन गोष्टी उरतात. सारख्याच वर्तनाला वेगळी शिक्षा का, याचं उत्तर गरिबीतून मिळत नाही. आणि ज्या मुलीला घरी त्रास आहे तिला घरीच पाठवून काय साधतं? शिस्त हवीच, शिस्तीशिवाय तालीम नाही. पण जी शिस्त मुलीला शिकण्यापासून तोडते, तिचा उपयोग कुणाला?

वेगळे मार्ग निघाले आहेत. कॅलिफोर्नियानं २०१५ पासून टप्प्याटप्प्यानं ‘हेतुपुरस्सर आज्ञाभंग’ या कारणासाठी निलंबन बंद केलं, आधी लहान वर्गांत आणि जुलै २०२४ पासून बारावीपर्यंत. मारामारी, शस्त्रं, नशा यांच्यावरची कारवाई तशीच आहे. फक्त तो मोघम शब्द काढला. नॉर्थ कॅरोलायनातल्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय शिक्षक लाभले तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, मुलींनाही, वर्गाबाहेर काढण्याचं प्रमाण घटतं. ओळखीच्या माणसाला मुलीचा आवाज ‘मोठा’ वाटत नाही.

आता मोजणाराच दुबळा झाला तर?

हे सगळं आपल्याला कळलं कसं? कुणीतरी मोजलं म्हणून. आई शाळेत जाऊन ‘माझ्या मुलीवर अन्याय झाला’ म्हणाली, तर मुख्याध्यापक म्हणणार, ‘बाई, तुमची मुलगी उद्धट आहे.’ तिच्या एकटीच्या शब्दाला किंमत नसते. पण गावातल्या दर पाच निलंबनांपैकी चार एकाच वंशाच्या मुलींची आहेत, असा कागद हातात असला की उत्तर द्यावं लागतं.

म्हणून अलीकडच्या घडामोडी काळजीच्या आहेत. जानेवारी २०१४ मध्ये ओबामा सरकारनं शाळांना बजावलं होतं की शिक्षेतली वांशिक तफावत नागरी हक्कांच्या कायद्याचा भंग ठरू शकते. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारनं ती सूचना मागे घेतली. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की शाळांनी शिस्तीचे निर्णय वांशिक आकडेवारी डोळ्यांपुढे ठेवून घेऊ नयेत. त्याआधी मार्चमध्येच शिक्षण खात्यातले जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याचं जाहीर झालं होतं. तक्रारी तपासणाऱ्या नागरी हक्क विभागाच्या १२ प्रादेशिक कार्यालयांपैकी ७ बंद करण्याचा निर्णय त्यातच होता. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. पण आईच्या हातातला कागद काढून घेतला तर उरतो फक्त मुख्याध्यापकांचा शब्द, हे उघड आहे.

आपण काय घ्यायचं

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. सातासमुद्रापलीकडच्या लढाईत त्यांना पुण्यातल्या शाळेबाहेर ठेवलेली मुलं दिसत होती. तसं पाहायची सवय आपल्यालाही हवी.

आपल्याकडचा कायदा काही बाबतींत बरा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. कलम १६ मुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, आणि आपल्या कितीतरी मुली अशाच शाळांत आहेत. तिथं कायद्याची सक्ती नसेल तर संस्थाचालकांच्या इन्साफवरच भिस्त. पोशाखाचा वादही आपल्या दारात आलाच आहे. मुंबईतल्या एका कॉलेजच्या हिजाबबंदीविरुद्धची याचिका जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली.

पालकसभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. शिस्तीचे नियम लेखी आहेत का? ‘उद्धटपणा’ म्हणजे नेमकं काय, हे त्यात लिहिलं आहे का? आणि वर्षभरात कोणत्या मुलींना, कोणत्या कारणासाठी बाहेर काढलं, याची नोंद शाळा ठेवते का? हे प्रश्न आपल्या अंजुमनच्या शाळेतही विचारा, फक्त दुसऱ्यांच्या शाळेत नको.

आणि एक प्रश्न घरात. मुलगी ‘का?’ म्हणाली की आपणही पटकन म्हणतो, ‘उलट बोलू नकोस.’ मुलगा तेच म्हणाला तर ‘हुशार आहे’. शाळेला जाब विचारायचा असेल, तर सुरुवात या वाक्यापासून करावी लागेल.